गवताची भाकणूक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हुपरीच्या एका शाळेत मुलांसमोर गाजर गवतावर बोलायला गेलो होतो. ऑगस्टचा महिना होता. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृती सप्ताह म्हणून पाळतात, त्यातलंच ते एक भाषण. ते संपलं, मुलं पांगली, आणि मागच्या बाकावर बसलेले एक गृहस्थ पुढे आले. चांदीच्या पैंजणांचा छोटा कारखाना, शिवाय गावाबाहेर दीड एकर ऊस. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

अण्णा म्हणाले, "सर, दिसलं की उपटा, असं तुम्ही सांगितलं. ते आम्ही करतोयच की. पण पुढच्या साली ते कुठं उगवणार, हे आधी न्हाई सांगता येत? इथं शेजारी पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या जत्रेत फरांडेबाबा भाकणूक सांगतात. पाऊस कसा, पीक कसं, सगळं. तुमच्या शास्त्राची भाकणूक काय म्हणती?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. तसं नव्हतं. ते मला घरी घेऊन गेले आणि थोरल्या भावापुढे बसवलं. वय सत्तरीच्या आतबाहेर. सगळा जन्म बांधावर गेलेला. कपाळ, पापण्या, मान, कोपरांच्या आतली बाजू, इथली कातडी जाड आणि काळपट झालेली, खाजवून खाजवून चिरा पडलेल्या. उन्हात गेलं की आग होते, म्हणून दिवसभर माजघरात बसून असतात. गाजर गवताच्या संपर्काने होणारा हा त्वचारोग पुण्यातल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच नोंदवून ठेवला आहे. हे गवत अंगाला लागायलाच हवं असंही नाही; त्याचे वाळलेले बारीक कण वाऱ्यावर आले तरी ज्याला वावडं जडलं आहे त्याला पुरतात. अण्णांच्या वहिनी म्हणाल्या, "आता भांगलणीला बायका बी येईनात. हात खाजतात म्हणून दुसऱ्याच्या रानात जातात."

तेव्हा प्रश्न पोटापाण्याचा होता. गावाकडे माणसं मोजकी, मजुरीला पैसे मोजके. हे तण पुढे कुठे जाणार ते आधी कळलं, तर ती माणसं तिथे लावता येतील. अशा तणांची वाटचाल आधी सांगता येते का, आणि येत असेल तर कितपत, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी या पाहुण्याची थोडी ओळख करून घेऊ. गाजर गवत मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या मुलखातलं. भारतातल्या त्याच्या पसाऱ्याची पहिली जाहीर नोंद आपल्या पुण्याची. वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी ते तिथे पाहिलं आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली त्याची माहिती दिली, भारतासाठी नवी नोंद म्हणून. पांढऱ्या फुलांच्या टोप्या पाहून लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं. काहींच्या मते हे नाव त्या वेळच्या सरकारवरून पडलं, कारण अमेरिकेच्या 'पीएल ४८०' योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं, अशी समजूत आजही घट्ट आहे. मात्र तारखा जुळवून पाहिल्या तर गंमत दिसते. या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. गवत तर त्याआधीच पुण्यात उभं होतं. १९५१ साली अमेरिकेने भारताला धान्यासाठी वेगळं कर्ज दिलं होतं, त्या गव्हाबरोबर बी आलं असणं अधिक संभवतं. शिवाय एकोणिसाव्या शतकातही ही वनस्पती भारतात असल्याच्या तुरळक खुणा जुन्या नोंदींत सापडतात. म्हणजे ते एकदाच आलं असंही नसेल. जे घडून गेलं त्याची वाट शोधतानाच इतकी अडचण, तर पुढची वाट सांगणं किती अवघड असेल याची कल्पना यावी.

तरीही ती सांगण्याचा प्रयत्न होतो, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्याचं एक शास्त्रच तयार झालं आहे. अण्णांना ते समजावताना मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं. चांदीची लगड आली की तिचा टंच काढतात. सगळी लगड कुणी तपासत बसत नाही. एका ठिकाणची चिमूटभर चांदी काढायची, ती पारखायची आणि तिच्यावरून अख्ख्या लगडीची शुद्धता ठरवायची. तणाची भाकणूक करणारा संगणकही अशाच चिमटीवर चालतो.

ही वनस्पती जगात जिथे जिथे सापडली, त्या जागांची यादी ही त्याची चिमूट. विद्यापीठांच्या आणि वनस्पती उद्यानांच्या संग्रहांत वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने असतात, त्यावर गाव आणि तारीख लिहिलेली असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही असा संग्रह आहे, आणि यादव व सरदेसाई यांनी आपल्या जिल्ह्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध केला आहे. जगभरातल्या अशा नोंदी एकत्र करण्यासाठी २००१ मध्ये एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. आज त्या नोंदी कोणालाही संगणकावर फुकट पाहता येतात. दुसऱ्या बाजूला हवामानाचे नकाशे असतात. २००५ पासून साऱ्या जगाच्या जमिनीचे, साधारण एक-एक किलोमीटरच्या चौकटी पाडलेले नकाशे उपलब्ध आहेत. प्रत्येक चौकटीसाठी १९ आकडे: वर्षाचा पाऊस, सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस, सर्वांत थंड महिन्याचं तापमान, असे.

मग संगणक विचारतो की, ज्या चौकटींत हे तण सापडलं आहे त्यांच्यात सारखं काय आहे? ते सापडलं की उरलेली प्रत्येक चौकट त्या मापाला लावून पाहतो आणि तिला गुण देतो. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या मध्यावर या पद्धतींची सुरुवात झाली. आज सर्वांत जास्त वापरली जाते ती 'मॅक्सएंट' नावाची पद्धत. स्टीव्हन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये मांडली. तिचा मोठा फायदा असा की तिला फक्त 'सापडलं' एवढ्याच नोंदी चालतात. 'मी या माळावर गेलो आणि इथे गाजर गवत नव्हतं' असं कोण लिहून ठेवतो? कुणीच नाही.

भारतासाठी असं काम झालेलं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५५ परक्या उपद्रवी वनस्पती घेतल्या होत्या. निष्कर्ष असा निघाला की, देशाचं जवळजवळ निम्मं क्षेत्र त्यांच्या आक्रमणाला कमीअधिक प्रमाणात अनुकूल आहे. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, तिच्याबद्दलचा २०२० सालचा अभ्यास सांगतो की, देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात, म्हणजे सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरवर तिचा वावर आहे. तिथे पूर्वी गवत होतं. ते गेलं की हरणं-सांबरं हटतात, आणि मग वाघ.

हे ऐकून अण्णा म्हणाले, "निम्मा देश? मग ह्यो अंदाज कसला? उद्या मी बी सांगीन, हुपरीत कुणाच्या तरी घरी पाहुणं येणार."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. असा नकाशा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यावर ठेवून पाहा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरएक किलोमीटर गेलं की शिरोळ, तिथे पाचशे-सहाशेच्या घरात. एवढ्या कमी अंतरात एवढा उतार राज्यातल्या फारच थोड्या जिल्ह्यांत असेल. हुपरी या उताराच्या पायथ्याकडे, हातकणंगले तालुक्यात. पश्चिमेला डोंगराकडे रानमोडीचं राज्य. ओलसर, दमट जागा तिला मानवते, जंगल तोडलं की ती आत घुसते. पूर्वेला, सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात वेडी बाभूळ. तिच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात आणि बी त्यांच्या पोटातून न मोडता बाहेर पडतं, खतासकट पेरलं जातं. पावसाचा नकाशा सांगतो की, या दोघी हुपरीपर्यंत पोचल्या तरी इथे बेताबेताने राहतील. एकीला इथे ओल कमी, दुसरीला हवं तसं मोकळं कोरडं रान नाही.

गाजर गवताला मात्र दोन्हीकडचं चालतं. हवामानाच्या नकाशावर त्याला आपला सारा पूर्व भाग मोकळा आहे. आणि इथेच संगणकाची एक मोठी चूक होते. त्याला पाऊस कळतो, पाट कळत नाही. नकाशावर हुपरी नोव्हेंबर ते मे कोरडी ठणठणीत. प्रत्यक्षात उसाला पंचगंगेचं, दूधगंगेचं आणि विहिरींचं पाणी चालू आहे, बांध बारा महिने ओला आहे. कोरड्या माळावर गाजर गवताची पावसाळ्यात एक पिढी होईल. पाटाच्या कडेला वर्षात तीन-चार होतात, कारण उगवल्यापासून सहाएक आठवड्यांत ते फुलावर येऊ शकतं. एका मोठ्या झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज धरतात, कधी त्याच्या दुप्पट. या हिशेबात तीन पिढ्या म्हणजे काय, ते सावकारी व्याज माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

टंचाच्या उदाहरणातही हाच धोका आहे, आणि तो अण्णांनी माझ्याआधी ओळखला. चिमूट चुकीच्या कोपऱ्यातून काढली तर टंच चुकतो. वनस्पतींचे नमुने गोळा करणारे आम्ही मास्तर लोक कुठे जातो? जिथे एसटी जाते तिथे. त्यामुळे नोंदींचे ठिपके रस्त्यांच्या आणि महाविद्यालयांच्या आसपास दाट, आडरानात विरळ. संगणकाला वाटतं की, तणाला डांबरी सडकेच्या बाजूचंच हवामान आवडतं. त्याहून कठीण गोष्ट अशी की, नव्या देशात वनस्पती स्वभाव बदलते. युरोपातलं जांभळ्या फुलांचं सेंटॉरिया नावाचं तण अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरलं. युरोपातल्या नोंदींवरून अंदाज बांधला तेव्हा ते तिथे इतकं माजेल असं निघत नव्हतं. मायदेशापेक्षा वेगळ्याच हवामानात ते रुळलं होतं, हे २००७ साली दाखवण्यात आलं. घाणेरीनेही भारतात असाच आपला पट्टा रुंदावला आहे.

म्हणून हवामान हा फक्त पहिला प्रश्न झाला: इथे ते जगेल का? दुसरा प्रश्न, इथपर्यंत ते येणार कशाने? आमच्या भागासाठी मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

नदीचंच घ्या. जलपर्णीबद्दल भाकणूक करायला संगणक लागत नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचं फूल म्हणून आली. पंचगंगा कोल्हापूरवरून इचलकरंजीकडे आणि पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते. वाटेत कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवतात, वरून शहरांचं सांडपाणी येतच असतं. पाणी संथ, त्यात खत भरपूर, वर ऊन. चांगल्या परिस्थितीत जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. उन्हाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला हिरवा गालिचा दिसणार, हे मी डोळे मिटून सांगेन. आणि पहिला मोठा पूर आला की तो गालिचा खालच्या गावांकडे जाणार, हेही. तळातल्या गाळात तिचं बी पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं, त्यामुळे एकदा काढली म्हणजे गेली असं होत नाही. वरचं सांडपाणी बंद न करता दरवर्षी जेसीबी लावून जलपर्णी काढायची, याला मी तरी उपाय म्हणत नाही.

गाजर गवताच्या वाटा इतक्या सरळ नाहीत. त्याचं बी खसखशीपेक्षा थोडं मोठं. वाऱ्याने ते थोडंफार जातं, पण लांबचा प्रवास आपण घडवतो. ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेला चिखल. रस्त्याच्या बाजूपट्टीला टाकलेला मुरूम. विकत घेतलेल्या शेणखताची ट्रॉली. पेंढ्या बांधून आणलेली वैरण. रोपवाटिकेतल्या पिशवीतली माती. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आसपासच्या कितीतरी गावांतून, सीमेपलीकडूनही कारखान्याकडे येतात. (हुपरीत 'कारखाना' म्हटलं की साखरेचा की चांदीचा, हे आधी विचारून घ्यावं लागतं. इथे साखरेचा.) शिवारात मेंढ्या बसवायची आपली जुनी रीत, लोकरीतून आणि लेंडीतून बी येतं. मेंढपाळांना दोष देण्याचं कारण नाही. मुरमाच्या एका डंपरमधून जेवढं बी येतं तेवढं आणायला एका कळपाला कित्येक वर्षं लागतील. ऑस्ट्रेलियात तर क्वीन्सलँडमध्ये १९६० साली टेक्सासहून कुरणासाठी गवताचं बी मागवलं, त्यातून हे आलं. गुरांना चारा मिळावा म्हणून मागवलेल्या बियाण्यातून चारा संपवणारं तण यावं, याला काय म्हणावं?

तिसरा प्रश्न जागेचा. आलेलं बी रुजायला मोकळी जमीन लागते. दाट, न खरवडलेल्या गायरानात गाजर गवत फार पुढे सरकत नाही. कडेला घोटाळत राहतं. जिथे माती उकरली, सपाट केली आणि सोडून दिली, तिथे ते पहिल्याच पावसात उभं राहतं. आपल्याकडे सध्या अशी जागा म्हणजे बिगरशेती केलेले प्लॉट. ऊस काढला, मुरूम टाकला, दगड रोवले, पाट्या लावल्या, आणि घर बांधायला पाच-सात वर्षं. तोपर्यंत तिथे पीक कसलं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पूर ओसरल्यावरचा गाळ ही दुसरी जागा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांनंतर नदीकाठची किती तरी रानं आठवडेच्या आठवडे उघडी पडली होती.

आता मूळ मुद्दा. तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, नकाशा तयार झाला. सहा बायकांची दोन दिवसांची मजुरी गावाकडे आहे. त्यांना कुठे पाठवायचं? जिथे गवत सर्वांत दाट माजलं आहे तिथे, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण १९८८ साली मूडी आणि मॅक या दोन अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवला की, हे बरेचदा चुकीचं ठरतं. तो हिशेब शाळेतल्या फळ्यावर करता येण्यासारखा आहे.

समजा, माळावर गाजर गवताचा एकच मोठा गोल आहे, मध्यापासून कडेपर्यंत १० मीटर. क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस मीटर. आता तेवढंच गवत दहा लहान ठिपक्यांत विखुरलं आहे असं समजा. प्रत्येक ठिपका मध्यापासून कडेपर्यंत सव्वातीन मीटरांपेक्षा जरा कमी. वर्षभरात प्रत्येकाची कड एक मीटर पुढे सरकली. मोठ्या गोलाचे होतात ३८० चौरस मीटर. दहा ठिपक्यांचे मिळून होतात सुमारे ५४४. वाढ एकाची ६६, दुसऱ्यांची २३०. कारण गवत वाढतं ते कडेने, आणि लहान ठिपक्यांना कड जास्त.

अण्णांना आकडे सांगायची गरजच पडली नाही. ते म्हणाले, "उसाचं पाचट पेटवल्यावर जाळ हाय तिथं हायच. माणसं उभी करायची ती ठिणग्या उडतात त्या बाजूला." मूडी आणि मॅक यांचा लेख याहून लांब आहे एवढंच.

म्हणून भाकणूक लागते ती ठिणग्यांसाठी. मोठा पट्टा दिसतोच, त्याला शास्त्र नको. दहा-वीस रोपांचा नवा ठिपका कुठे पडला असेल हे आधी सांगता आलं, तर तो फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, एका सकाळी मुळासकट काढता येतो. पुढे अशी सकाळ मिळत नाही.

मोठ्या पट्ट्यासाठी दुसरे उपाय आहेत. मेक्सिकोतून १९८३ साली बंगळूरला एक भुंगा आणला गेला आणि पुढच्या वर्षी सोडण्यात आला. तो गाजर गवताची पानं खातो, आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो. पिवळसर पंखांवर काळ्या नागमोडी रेघा. दिसला तर मारू नका. पण कोरड्या महिन्यांत हा मातीत झोपी जातो, आणि आपल्या ओल्या बांधांवरचं गवत नेमकं तेव्हा निवांत वाढतं. टाकळ्यासारखी झाडं दाट पेरून गवताची जागा अडवण्याचाही मार्ग आहे.

राहिला तो वेशीवरचा पहारा. जे तण अजून आलेलंच नाही त्याची भाकणूक करायची तर नवी वनस्पती देशात घ्यायच्या आधी तिची चौकशी करावी लागते. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात त्यासाठी ४९ प्रश्नांची यादी केली. बी किती, काटे आहेत का, विषारी आहे का, तुकड्यापासून उगवते का, असे प्रश्न. या सगळ्यात भरवशाचा म्हणाल तर एकच, दुसऱ्या कुठल्या देशात हिने त्रास दिला आहे का? स्थळ पाहायला गेल्यावर मागच्या गावात चौकशी करावी, तसंच. आपल्याकडे घाणेरी आली ती बागेच्या कुंपणासाठी. जलपर्णी फुलांसाठी. पिवळ्या-केशरी फुलांचा कॉसमॉस तर आपण अजूनही हौसेने रस्त्याच्या कडेला पेरतो, त्याचे फोटो काढतो. त्याच्याबद्दल मी वाईट बोललो की घरातसुद्धा कुणाला आवडत नाही. असो.

त्या दिवशी निघायच्या आधी अण्णांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या पाठीवर गावाचा नकाशा काढला. नदी कुठल्या अंगाला, ओढा, कारखान्याकडे जाणारा रस्ता, रेंदाळची वाट, नवे प्लॉट. मग आम्ही दोघांनी, पाणी कुठून येतं, ट्रॉल्या कुठून वळतात, माती कुठे उकरली आहे असं विचारत विचारत, तीन ठिकाणी लाल खुणा केल्या. एक प्लॉटवर, एक ओढ्यावरच्या मोरीच्या खालच्या अंगाला, आणि एक रस्ता रुंद केला होता तिथल्या बाजूपट्टीवर. त्या वर्षी तिन्ही ठिकाणी गाजर गवत जवळजवळ नव्हतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी मुद्दाम पुन्हा गेलो. प्लॉटवर ते गुडघाभर उभं होतं. मालक परगावी, आत जाणार कोण, म्हणून कुणी हात लावला नव्हता. मोरीच्या खाली पंचवीसेक रोपं आली होती, ती शाळेच्या पोरांनी फुलण्याआधी उपटून खड्ड्यात पुरली होती. रस्त्याच्या कडेला मात्र आमची भाकणूक साफ चुकली. तिथे टाकळा इतका दाट आला होता की, गाजर गवताचं एक रोप शोधायला मला दहा मिनिटं लागली.

आणि एक ठिपका असा होता की, जिथे आम्ही खूणच केली नव्हती. गावातल्याच एका देवळाच्या मागे, सभामंडपाच्या पायात भरायला मुरूम आणून टाकला होता, त्या ढिगावर चाळीसएक रोपं कळ्यांवर आली होती. आम्ही दोघांनी ती तिथल्या तिथे काढली. अण्णा हात झटकत म्हणाले, "मुरूम कुठल्या खाणीचा, ते ट्रॅक्टरवाल्याला विचारून ठेवलंय मी. त्यानं ह्या साली अजून चार ठिकाणी टाकलाय. कॅलेंडर आणतो, बसा."